भातसेच्या डोहावरची अस्वलीण

नौपाड्यातल्या त्र्यंबकराव ताम्हाण्यांना गळ टाकायचा नाद होता, आणि तो सगळ्या ठाण्याला ठाऊक होता. कोर्टातलं काम आटोपलं की घरी यायचं, पगडी खुंटीला लावायची, चहा उभ्यानंच घ्यायचा आणि बांबूची काठी खांद्यावर टाकून कोपरीच्या बाजूनं खाडी गाठायची, हा त्यांचा नेम. माणूस तसा मवाळ. घरात आवाज चढवायचा नाही, कचेरीत कुणाशी वाद घालायचा नाही. आणि दोन वर्षांपूर्वी लेक सुमती कल्याणला टिपणिसांच्या घरी दिल्यापासून तर ते जास्तच मवाळ झाले होते. मुलीच्या बापानं व्याह्यासमोर बोलायचं ते ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच, अशी तेव्हाची रीत होती, आणि त्र्यंबकरावांनी ती मनापासून पाळली होती.

व्याही गुरुदत्तराव टिपणीस म्हणजे अगदी उलटा गडी. कल्याणच्या कोर्टात वकिली करायचे. देह भरदार आणि आवाज असा, की ओसरीवर बोलले तर परसातल्या कोंबड्या मान वर करत. त्यांनाही मासेमारीचा नाद. तेवढ्या एका धाग्यावर दोघांचं जमत होतं. बाकी गुरुदत्तराव बोलायचे आणि त्र्यंबकराव ऐकायचे.

साल अठराशे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल. होळी होऊन गेली होती. एका रविवारी सकाळीच गुरुदत्तराव न कळवता नौपाड्यात दाखल झाले आणि अंगणातूनच गरजले,

“त्र्यंबकराव! खाडीतले निवटे आणि चिंबोऱ्या पुरे झाल्या! भातसेच्या डोहात खडस आहे, खडस! माणसाएवढा! खर्डीच्या माझ्या अशिलानं डोळ्यांनी पाहिलाय. गुढीपाडव्याच्या सुट्टीला निघायचं. नाही म्हणायचं नाही.”

“नाही कशाला म्हणेन, व्याहीबुवा?” त्र्यंबकराव म्हणाले. आणि खरंच, त्यांच्या अंगावर काटा आला होता. खडस! गोड्या पाण्यातला सगळ्यांत दांडगा मासा. काठी धरून बसणाऱ्याच्या नशिबात तो जन्मात एखाद्या वेळी येतो.

पाणी आणायच्या निमित्तानं ते आत गेले, तर पत्नी गोदाबाई दाराआडच उभ्या होत्या.

“हे बघा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “जाताय तर एक काम कराच. सुमतीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. तुमचे व्याही म्हणतात नातवंड त्यांच्याच घरात जन्मेल. पोरगी रडून मला सांगत होती, मला आईकडे जायचंय म्हणून. दोन दिवस बरोबर असणार आहात. विषय काढा.”

“काढतो,” त्र्यंबकराव म्हणाले. पण काढण्याची हिंमत आपल्यात नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. गोदाबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी सुस्कारा सोडला आणि तांब्या पुढे केला.

पाडव्याची गुढी उभारून दुसऱ्या दिवशी दोघं कल्याणहून आगगाडीनं खर्डीला उतरले. गुरुदत्तरावांच्या हातात विलायती काठी होती. विलायतेला परत गेलेल्या कुणा रेल्वेच्या साहेबाकडून घेतलेली, तीन तुकडे जोडायची, आणि बुडाशी दोरी गुंडाळायचं पितळी चाक. डब्यातल्या प्रत्येक उतारूला त्यांनी ते चाक फिरवून दाखवलं. कर्र्र करून ते वाजलं की स्वतःच हसायचे. त्र्यंबकरावांकडे आपली बांबूची काठी, हातजाळी आणि कमरेला चाकू.

खर्डीला अशिलाचा गाडीवान दगडू बैलगाडी घेऊन आला होता. रात्र त्यांनी अशिलाच्या पडवीत काढली आणि झुंजुमुंजू होताच नदीकडे निघाले. रानाच्या तोंडाशी दगडूनं बैल थांबवले.

“गाडी हितवर. म्होरं पायवाट हाय. पन रावसायब, जपून. त्या नाल्याच्या अंगाला आस्वलीन हाय. पिलं घेऊन हिंडते मोहाखाली.”

“असू दे, असू दे,” गुरुदत्तराव काठीचे तुकडे जोडत म्हणाले. “आम्ही तिच्याकडे जाणार नाही, तिनं आमच्याकडे येऊ नये.”

त्र्यंबकराव मात्र जागच्या जागी थबकले.

त्यांचं लहानपण मोखाड्यात गेलं होतं. वडील तिथं महालकरी होते. अस्वल म्हणजे काय, हे त्यांना ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होतं. टपालाची थैली नेणारा तानाजी एका पहाटे त्यांच्या ओसरीवर आणून टाकला होता. त्याच्या डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती आणि आई गरम पाण्यानं ती जागेवर बसवत होती. तानाजी वाचला. पुढे तो सगळ्यांना सांगायचा, “मी पळालो, तिथं चुकलो. अस्वल वाघासारखं पोटासाठी मारत नाही. ते दचकून मारतं.” मोखाड्यातली माणसं म्हणूनच रानातून जाताना गाणी म्हणत, खोकत, काठी आपटत जायची. अस्वलाची नजर अधू. त्याला आधी चाहूल लागली तर ते आपणच बाजूला होतं.

म्हणून पायवाटेला लागल्यावर त्र्यंबकरावांनी मोठ्यानं आरती सुरू केली.

“अहो, हे काय!” गुरुदत्तराव मागे वळले. “पाण्यातला मासा पळेल की! गप्प चला.”

त्र्यंबकराव गप्प झाले. पाच-पन्नास पावलं गेल्यावर वाटेच्या कडेला एक वारूळ दिसलं. अर्धं फोडलेलं, माती ओली, वाळव्या अजून सैरावैरा धावत होत्या. पलीकडच्या मोहाच्या खोडावर नखांचे लांब ओरखडे, त्यांतून चीक गळत होता.

“व्याहीबुवा, हे ताजं आहे.”

“काय?”

“अस्वलाचं काम. आत्ताचं. आपण जरा बोलत जाऊ. किंवा डोह बदलू.”

“त्र्यंबकराव, तुम्ही कचेरीतली माणसं फार विचार करता,” गुरुदत्तराव हसून म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्र्यंबकरावांना पुढचं वाक्य सुचलं होतं, पण ते घशातच राहिलं. मग ते नुसते खोकत राहिले. दर थोड्या वेळानं खोकायचे. गुरुदत्तराव म्हणाले, “अडुळसा घ्या हो, अडुळसा.”

डोह मात्र असा होता, की पाहताक्षणी सगळं विसरावं. तीन बाजूंनी काळा कातळ, मध्ये हिरवंगार, खोल, थंड पाणी. वरच्या अंगाला खडकांवरून पाणी आदळत होतं, त्याचा घोष भरून राहिला होता. डाव्या हाताला एक कोरडा नाला वाळूवर उतरत होता. वाळूला लागूनच एक सपाट कातळ डोहात शिरला होता आणि त्याच्या एका कडेनं गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या काठाला जाता येत होतं. त्र्यंबकरावांनी ते सारं एका नजरेत पाहून ठेवलं. नाला त्यांना आवडला नाही. पण तेवढ्यात डोहाच्या मध्यावर पाणी फुटलं आणि तांब्याच्या परातीसारखी एक पाठ उन्हात चमकून खाली गेली.

“पाहिलंत?” गुरुदत्तराव कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे त्र्यंबकरावांना त्या दिवशी कळलं.

दोघांच्या हातांना घाई सुटली. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचा डबा वाळूवर उघडा ठेवून त्यांनी गोळे वळले. हातजाळी तिथंच टाकली. कातळाच्या टोकाला जाऊन गुरुदत्तरावांनी गळ फेकला. दोरी पाण्यावर सरळ पडली, गोळा बुडाला. पाण्याचा घोष, मोहाचा गोडसर वास, आणि दोघं श्वास धरून उभे.

काही झालं नाही. मग दोरी जराशी थरथरली. मग थांबली. आणि मग काठी एकदम धनुष्यासारखी वाकली!

“लागला! लागला!” गुरुदत्तराव ओरडले. पितळी चाक किंचाळायला लागलं. दोरी पाणी कापत डोहाच्या दुसऱ्या टोकाला धावली, तिथून वळली, खाली गेली. गुरुदत्तरावांचे पाय कातळावर घसरत होते, मुंडासं सुटून खांद्यावर आलं होतं, आणि चेहरा मात्र लहान मुलासारखा फुलला होता.

“सोडा थोडी! सोडा! आता ओढा!” त्र्यंबकरावही ओरडत होते. कोण व्याही आणि काय, सगळं त्या क्षणी पाण्यात गेलं. मासा उसळला. केवढा! पुरुषभर लांब नसेल, पण पोराएवढा खचित. सोनेरी खवले, लालसर पर. धप्पकन पडला तो डोह हादरला.

“जाळी! त्र्यंबकराव, जाळी घ्या!”

त्र्यंबकराव जाळी घ्यायला वाळूकडे वळले.

नाल्याच्या तोंडाशी अस्वलीण उभी होती.

काळी, राठ केसांची, छातीवर पांढरट कमान. पाठीवर एक पिल्लू केसांना घट्ट धरून बसलेलं. दुसरं खाली, वाळूवर. अंतर एवढं थोडं, की तिच्या नाकपुड्यांचा फुरफुराट पाण्याच्या घोषातूनही ऐकू यावा. पाण्याच्या आवाजामुळे तिला माणसांची चाहूल लागली नव्हती आणि माणसांना तिची. आता तिनं मान उचलली. नाक वर करून हवा हुंगली. आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

 त्र्यंबकरावांचे पाय म्हणाले, पळ. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तानाजीचं कपाळ उभं राहिलं आणि पाय तिथंच रुतले. ते सावकाश, अगदी सावकाश एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी गुरुदत्तरावांच्या डगल्याची मागची बाजू मुठीत गच्च धरली.

“जाळी कुठाय?”

“व्याहीबुवा, मागे वळू नका. हलू नका. अस्वल आहे. बरोबर पिलं आहेत.”

“काय थट्टा...” म्हणत गुरुदत्तरावांनी मान वळवलीच. आणि त्यांचा तो कोर्ट हलवणारा आवाज बसला. त्यांचं सगळं शरीर पळायच्या बेतात ताठ झालं. डगला टरकन फाटला, पण मूठ सुटली नाही.

“पळायचं नाही.”

“सोडा मला! झाडावर...”

“झाडावर ती आपल्या आधी चढेल. पळालात तर धरेल. इथंच. माझ्याजवळ उभे राहा.”

हे सगळं त्र्यंबकराव ज्या सुरात म्हणाले, तो सूर त्यांचा त्यांनाच नवीन होता. त्यात ‘हो’ही नव्हतं आणि ‘बरं’ही नव्हतं. गुरुदत्तराव थांबले.

पण मासा थांबत नव्हता. त्यानं पुन्हा धाव घेतली, चाक पुन्हा किंचाळलं, आणि त्या आवाजासरशी अस्वलीण चारी पायांवर येऊन दोन ढांगा पुढे सरकली. तिच्या घशातून खर्जात घरघर सुरू झाली. खालच्या पिल्लाला मात्र कशाचीच फिकीर नव्हती. त्याला गुळाचा वास लागला होता. ते डुलत डुलत डब्याकडे निघालं. डबा कातळाच्या पायथ्याशी, म्हणजे या दोघांपासून चार-पाच हातांवर. म्हणजे आता लेकरू आईपासून लांब आणि या दोघांच्या जवळ येणार होतं.

“दोरी सोडा,” त्र्यंबकराव म्हणाले.

“नाही.”

“मासा उडतोय, चाक वाजतंय, ती बिथरतेय. सोडा.”

“आयुष्यात पुन्हा लागणार नाही हा,” गुरुदत्तरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. हात काठीला असे चिकटले होते की सोडायचे म्हटले तरी सुटले नसते. “त्र्यंबकराव, तुम्हाला माझी शपथ...”

त्र्यंबकरावांनी कमरेचा चाकू काढला, हात लांबवला आणि ताणलेली दोरी कापली.

टण्ण! काठी झटक्यानं सरळ झाली. गुरुदत्तरावांचा तोल गेला, काठी हातून निसटली आणि पितळी चाक कातळावर खणखणलं.

अस्वलीण धावून आली.

काळा, फुत्कारणारा लोट अंगावर येत होता. वाळू उडत होती. त्र्यंबकरावांनी खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं आणि पाय रोवून उभे राहिले. गुरुदत्तराव त्यांना इतके चिकटले की दोघांचा मिळून एकच थोरला माणूस झाला. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. अस्वलीण कातळाच्या कडेला आली आणि तिथं एकदम थबकली. तिचा उग्र, आंबूस वास नाकात भरला. समोर पडलेल्या काठीवर तिनं पंजा मारला, ती दातांत धरली, कडकड मोडली आणि भिरकावून दिली. विलायती काठीचे पुन्हा तुकडे झाले, पण आता जोडण्यासारखे नव्हते.

आणि मग ती तिथंच उभी राहिली. पुढे येईना, मागे जाईना. बारीक डोळे किलकिले करून समोर काय आहे ते पाहत राहिली.

मोखाड्यातली म्हातारी माणसं सांगायची, अशा वेळी तिला कळू द्यावं, की हा माणूस आहे आणि तो भांडायला आलेला नाही. ओरडायचं नाही. हलक्या, एका लयीतल्या आवाजात बोलत राहायचं आणि बोलत बोलत बाजूला व्हायचं.

“बाई,” त्र्यंबकराव बोलू लागले.  “बाई, तुझी वाट आम्ही अडवत नाही. तुझं लेकरू तुझं आहे. तो डबा त्याला खाऊ दे. गूळच आहे त्यात, बाधणार नाही. आम्ही असे उजवीकडे सरतोय. व्याहीबुवा, उजवा पाय. हळू. पाठ दाखवू नका. बाई, तूही आई आहेस, तुला कळेल...”

उजवा पाय. मग डावा. कातळाची कड सोडून पाय थंड पाण्यात गेला. अस्वलिणीची मान त्यांच्याबरोबर वळत होती. बोलणं थांबवून चालणार नव्हतं, आणि अस्वलिणीला सांगण्यासारखं त्र्यंबकरावांजवळ आणखी काही उरलं नव्हतं. म्हणून मनात जे साचून होतं तेच बाहेर आलं. त्याच सुरात, त्याच लयीत.

“व्याहीबुवा, आता तुम्हाला सांगतो. मागे सरा, खाली दगड आहे. आमच्या सुमतीला माहेरी यायचंय बाळंतपणाला. सावकाश. तुमच्या घरी तिला काही कमी नाही, हे मी जाणतो. पण पहिलटकरीण आहे, तिला आई हवी. ती तुमच्यासमोर बोलायची नाही, तुमच्यासमोर कुणीच बोलत नाही. मीसुद्धा दोन वर्षांत एकदा बोललो नाही. तुम्ही माणूस चांगले आहात, पण तुमचा आवाज फार मोठा आहे, आणि त्यात बाकीच्यांचे आवाज बुडतात. पाय घसरतोय, माझा हात धरा. लेकीला पाठवा. पाहा, ती वळली. थांबू नका.”

गुरुदत्तराव एक शब्द बोलले नाहीत. बोलता येण्यासारखं नव्हतंच. गुडघाभर पाण्यात ते मागे मागे सरत होते, एक हात व्याह्याच्या हातात, डोळे त्या काळ्या मुंडक्यावर.

अस्वलीण खरंच वळली होती. पिल्लानं डबा उलथवला होता आणि तोंड कणकेनं माखून घेतलं होतं. तिनं त्याला नाकानं एक ढुशी दिली. ते तक्रारीच्या सुरात कुईं कुईं करत तिच्या पाठीवर चढलं, आधीच्या भावंडाला ढकलून जागा केली. दोन्ही पिलं पाठीवर घेऊन तिनं एकदा पाण्याच्या दिशेनं जोरात फुत्कार टाकला, आणि डुलत डुलत नाल्यात शिरून करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली.

ते दोघं तरी मागे सरतच राहिले. पलीकडच्या काठाला पाठ टेकली तेव्हा थांबले. गुरुदत्तराव होते तसे पाण्यात खाली बसले. छातीपर्यंत पाणी, अंगावर फाटका डगला, तोंड पांढरं फटक.



“माझ्या व्याह्यानं माझी दोरी कापली,” शेवटी ते म्हणाले.

 अस्वल गेलं होतं, आता व्याही समोर होते. आपण काय काय बोलून गेलो, ते एकेक वाक्य त्र्यंबकरावांना आठवू लागलं.

“मी... तसा प्रसंगच...”

“आणि ते सगळं तुम्ही अस्वलाला सांगत होतात, की मला?”

त्र्यंबकरावांनी क्षणभर विचार केला. आता माघार घेऊन काही उपयोग नव्हता. “सुरुवातीचं तिला,” ते म्हणाले. “पुढचं तुम्हाला.”

गुरुदत्तरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग खांदे हलले. मग ते हसू लागले. आधी घशातल्या घशात, मग मोठ्यानं, मग असे की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते हसण्याचं होतं की भीतीचं, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“अहो, माझ्या वडिलांनंतर मला कुणी असं बोललं नाही!” ते म्हणाले. “आणि मला ऐकावंही लागलं! एवढा मोठा मी वकील, आणि तोंड उघडायची सोय नाही!” मग ते एकदम थांबले. “पोरगी खरंच रडली?”

“रडली. तिच्या आईजवळ.”

“मला वाटलं, आमच्याकडे राहायला तिला आवडतंय. कुणी बोललं नाही. मी विचारलंही नाही, म्हणा.” त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. “उठवा मला. ”

परत जाताना ते पलीकडच्या काठानं, लांबचा वळसा घेऊन गेले. आणि जाताना गुरुदत्तरावांनी असा काही सूर लावला की सगळं रान दणाणलं. ओव्या झाल्या, आरत्या झाल्या, लावणीचे दोन तुकडेही झाले. एक संपलं की म्हणायचे, “हं, त्र्यंबकराव, तुम्ही. मोठ्यानं!” दोघं ओले चिंब, एकाचा डगला उसवलेला, दुसऱ्याचं उपरणं पिळलेलं, आणि टाळ्या वाजवत चाललेले. गाडीपाशी दगडू डोळे फाडून बघत राहिला. त्याला वाटलं, रावसाहेबांनी मोहाची चढवली.

“दगडू! पाहिली तुझी अस्वलीण!” गुरुदत्तराव ओरडले. “आमचा खडस तिच्यापायी गेला, पण आम्ही शिल्लक आहोत!”

आगगाडीत त्यांनी सगळ्या डब्याला गोष्ट सांगितली. वासिंद येईपर्यंत अस्वलीण हत्तीएवढी झाली होती. पण एक गोष्ट त्र्यंबकरावांच्या ध्यानात आली. दोरी कापल्याचा भाग व्याह्यांनी एकदाही गाळला नाही, की बदलला नाही. “मी मूर्खासारखा मासा धरून बसलो होतो,” ते प्रत्येकाला सांगत, “या गृहस्थानं दोरी कापली म्हणून मी तुमच्यासमोर बसलोय. कुणाला गळ टाकायचा नाद असेल तर ऐकून ठेवा. मासा पुन्हा मिळतो!”

कल्याणला घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात पाय ठेवताच गुरुदत्तराव हाक मारायला तोंड उघडून थांबले. खाकरले. आणि बऱ्याच खालच्या आवाजात म्हणाले, “सुमती, बाहेर येतेस का, बाळ?”

सुमती पदर सावरत दारात आली. सासऱ्यांचा अवतार आणि वडिलांचे ओले कपडे पाहून ती घाबरून गेली.

“मामंजी, काय झालं? अण्णा, तुम्हाला लागलं का?”

“काही लागलं नाही. दोघांनाही नाही.” गुरुदत्तराव ओसरीवर टेकले. “मला एक सांग. बाळंतपणाला तुला कुठं राहायचंय? माझ्याकडे बघू नकोस, खाली बघून सांग. पण तुझ्या मनातलं सांग.”

सुमतीनं वडिलांकडे पाहिलं. त्र्यंबकरावांनी नुसती मान हलवली. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली.

“आईकडे,” ती म्हणाली. ऐकू येईल न येईल असं.

“मग आजच जा की! अण्णा आलेलेच आहेत. अगं ए, ऐकलंस का,” त्यांनी आत पत्नीला हाक मारली, आणि आता तो जुना आवाज पुन्हा पूर्ण चढला होता, “सुनेचं गाठोडं बांध! आणि आधी आम्हाला कोरडी धोतरं दे, अस्वलानं सोडलं पण सर्दी सोडणार नाही!”

संध्याकाळच्या गाडीनं बापलेक ठाण्याला निघाले. व्याह्यांचं धोतर त्र्यंबकरावांना दोन हात मोठं होत होतं, ते सावरून ते खिडकीपाशी बसले. पारसिकच्या डोंगराचा बोगदा जवळ आला तसं सुमतीनं विचारलं, “अण्णा, खरंच किती जवळ आलेली हो ती?”

“तुझ्यामाझ्यात आत्ता आहे तेवढं अंतर,” ते म्हणाले.   सुमतीनं त्यांचे हात आपल्या हातांत घेतले आणि गाडी अंधारात शिरली.

“बोला ना, अण्णा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”

“तर काय झालं,” त्र्यंबकराव हसत म्हणाले, आणि बोगद्याच्या घरघराटात लेकीला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला.